बाडात नसलेली ओळ

१२ जानेवारी २०२५, अमरावती

प्रॉम्प्टर नको म्हणे! पिक्चरमध्ये चुकलं की 'कट', आणि पुन्हा. मग मी अकरा वर्षं विंगेत उभी राहून पाय कशाला दुखवले? तरी बोलावलंय मला – पिक्चर 'रुखमाची सही' नाटकावरच काढतायत, आणि त्याचं बाड, हाताने लिहिलेली संहिता, माझ्याकडेच आहे ना! दिग्दर्शक शेखरसर म्हणाले, गाणी बाडातलीच घेऊ, शब्द न शब्द. मान ताठ झाली माझी.

१९ जानेवारी

आज वाचनात शेवटचं गाणं आलं. पन्नाशीची रुखमा पहिली सही करते, ते. सर थांबले. नाटकात इथे टाळ्या पडतात ना? कागदावर तर काहीच नाही, म्हणाले.

नाहीच. टाळीची ओळ बाडात नाही. ती माझी आहे!

पहिल्याच वर्षी नांदगाव खंडेश्वरचा प्रयोग होता. रुखमा करणारी प्रियदर्शनी अडली, नेमकी तेव्हाच माझ्या हातातली बॅटरी विझली. बाड दिसेना. तोंडात आलं ते फेकलं – 'जाय अंगठ्या, घे इसावा, लय राबला तू.' आईचा शाईने निळा झालेला अंगठा डोळ्यांपुढे होता. वन्स मोअर मिळाला! तेव्हापासून तीच गातात. लोकांना वाटतं, नाटक पुंजाजीबाबांनी लिहिलेलं, तर ओळही त्यांचीच. बाबांनी कधी विचारलं नाही. मी बोलले नाही. प्रॉम्प्टरने ओळ सांगायची असते, रचायची नसते.

२० जानेवारी

बोलू की नको? बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांना वाईट वाटलं तर?

२ फेब्रुवारी, अकोला

कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यात शूटिंग. सर गाणं जागेवरच गाऊन घेतात. प्रियदर्शनीने बाडातली ओळ चारदा गायली, चारही वेळा फिकी. पाचव्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं, विंगेकडे पाहायची तसंच. आणि मी सांगून टाकली – कॅमेऱ्यामागून! सवय मेली जात नाही. तिने ती गायली. गर्दीतल्या बाया खरंच रडल्या.

सरांनी बाड चाळलं. ही ओळ यात नाही, कुणाची? बाबा समोरच खुर्चीत.

"माही नाई," बाबा म्हणाले. "अकरा साल मी फुकटच्या टाळ्या घेऊन राहिलो. भावनाची हाय ते."

रडू आलं. लाजेचं नाही. गर्व वाटला, माझा आणि बाबांचाही.

३ फेब्रुवारी

पिक्चरच्या श्रेयनामावलीत 'गीते' – बाबांच्या खाली माझं नाव. एका ओळीसाठी!

९ फेब्रुवारी, अमरावती

पिक्चरला एक नवं गाणं हवंय. सर बाबांकडे गेले, बाबांनी त्यांना माझ्या दारात आणून उभं केलं. मला म्हणाले, "तू लिही. अडली तं मी हाये इंगेत."

दोन ओळी झाल्यात. तिसरीला अडलेय, पण बाबांना फोन नाही करणार!