त्याच औषधाचं सहावं वर्ष

३ जानेवारी, सकाळी सात
गव्हावर भुरी आलीय. पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. घाबरायचं कारण नाही. सहा वर्षं एकच औषध वापरतोय, निष्ठा म्हणून काही चीज असते. संकल्प: आजच फवारणी.

४ जानेवारी
काल पंप बिघडला. (खरं म्हणजे जेवल्यावर डोळा लागला.) आज फवारलं. शेजारचं शेत थोरल्या ताईचं. तिलाही हेच औषध घ्यायला लावलं. म्हणाली, दरवर्षी तेच मारलं की बुरशी सरावते म्हणे. म्हटलं, ताई, बुरशीला डोकं नसतं.

१२ जानेवारी
ठिपके वाढले. औषध नकली! दुकानदाराला झापलं. तो म्हणतो, औषध अस्सल आहे, बुरशी बदललीय. धंदेवाईक उत्तर. डोस दुप्पट केला.

१९ जानेवारी
फरक नाही. बुरशी बहुधा गोंधळलीय. बायको म्हणाली, "ती नाही, तुम्ही." दुर्लक्ष केलं. तिसरी फवारणी.

२५ जानेवारी
ताईचं शेतही पांढरं पडलं. तिने नुसतं एक पान माझ्या हातात ठेवलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. भूक मेली. तीनदाच वाढून घेतलं. ताईने दोन्ही शेतांतली पानं तपासणीला पाठवली.

८ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन! तुमच्या शेताबद्दल शेतकरी मेळाव्यात सांगायचंय, चालेल ना? शेवटी कदर झाली. शर्ट इस्त्रीला टाकला. भाषण लिहायला घेतलं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
पडद्यावर माझं पान, भिंतीएवढं. बाई म्हणाल्या, एकच औषध सतत मारलं की त्याला पुरून उरणारी बुरशी तेवढी वाचते आणि तिचीच पिल्लावळ वाढते. मग डोस वाढवून उपयोग नाही. इतकी चिवट भुरी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. बाई सभ्य, नाव घेतलं नाही. पण तोवर मी भाषणासाठी उभा राहिलो होतो.

परतताना ताईला म्हटलं, चुकलं माझं, तुझंही पीक घालवलं. ती म्हणाली, "अर्धं तरी हाती लागेल. पुढच्या वर्षी औषधं मी ठरवणार, आलटून पालटून. तू पाणी भरायचं."

म्हटलं, विचार करून सांगतो.

म्हणाली, "विचार तेवढा करू नकोस."