परसदारचा ठेका

मी, मोरोपंत विनायक वैशंपायन, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षक, राहणार पेण, जिल्हा रायगड, आज हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल शेजारी केरू नाईक यांचे मत गेली वीस वर्षे निराळे आहे, परंतु त्यांना विचारण्याची कायद्यात तरतूद नाही. हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांनी बरे सांगितलेले नाही, म्हणून ही घाई. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. पेण येथील राहते घर, मागचे परस व त्यातील दोन नारळ माझी एकुलती कन्या प्रतीक्षा हिला. बँकेत जे काही उरेल तेही तिलाच. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. ठाण्याहून येऊन नारळ उतरवून घेणे तिला जमणारे नाही हे मला कळते. तेराव्याला माणसे कमी बोलवावीत. पानात पापड मात्र असावा.

कलम २. फळ्यावरचा लाकडी कंपास, कोनमापक व मोठी पट्टी माझ्या शाळेला. ‘वैशंपायन, या वयात ही गाणी शोभत नाहीत’ असे मला शिक्षकांच्या खोलीत सुनावणारे मुख्याध्यापक वारले. त्यांना क्षमा आहे. पट्टी त्यांच्या तसबिरीखाली टांगू नये.

कलम ३. माझ्याकडे त्रेचाळीस रेकॉर्डी आहेत. माझा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने १९७४ साली पहिल्या चार आणून दिल्या. तोवर मी नाट्यगीतांवर पोसलेला माणूस. एका बाजूला एकच गाणे, तेही बावीस मिनिटांचे, असे मी कधी पाहिले नव्हते. सवयीने मात्रा मोजू लागलो. नऊ, मग अकरा, पुन्हा नऊ, मग मधेच ऑर्गन एकटाच. मला इतका आनंद झाला की कोणी बघू नये म्हणून उठून दार लावून घेतले. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मागाहून कळले. अवांगार्द जॅझ, म्हणजे चाल-ठेका मोडून वाजवलेला, पचायला वर्ष गेले. तो सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकला तेव्हा तीन मिनिटांत सुई उचलली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली.

असले काही एकट्याने ऐकवत नाही, म्हणून माणसे शोधू लागलो. हमरापूरचा शिवा म्हात्रे, गणपती रंगवणारा, शाळेच्या मूर्तीचे विचारायला घरी आला होता. ओसरीतच थबकला. म्हणाला, “मास्तर, चाललंय ते बंद नका करू. मूर्तीचं मागनं बोलू, मी बसतो.” रोह्याचा दिनानाथ टिपणीस, धाटावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला, मला एस.टी. स्टँडच्या बाकावर बोटांनी अकरा मात्रा वाजवत बसलेला सापडला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला माझ्या ओसरीत बैठक. बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही, आणि संपल्यावर कोणी गप्प बसायचे नाही. पुढे माणसे वाढत गेली.

कलम ४. या रेकॉर्डी व प्लेअर कोणा एकाचे नाहीत, बैठकीचे आहेत. ताबा शिवाकडे, हमरापूरला. रंगाच्या हाताने सुई धरू नये. नवा माणूस पाच मिनिटांत उठून गेला तर त्याला हसू नये, पुढच्या रविवारी पुन्हा बोलवावे. रेकॉर्ड कोणालाही घरी नेऊ देऊ नये. ऐकवावी मात्र मागेल त्याला.

कलम ५. केरू नाईक यांनी १९७९ साली सॅक्सोफोन ऐकून पोलिसांत कळवले की मास्तरांच्या घरात कोणाला तरी मारताहेत. हवालदार आले, चहा प्यायले, एक बाजू पूर्ण ऐकून गेले. नाईक यांना मी कापसाचे दोन बोळे ठेवतो. माझी पत्नी गेली तेव्हा याच नाईकांच्या घरून तेरा दिवस दोन्ही वेळचा चहा आला, हेही नमूद करतो. बोळे तरीही ठेवतो.

कलम ६. दिनानाथ टिपणीस याला मी काहीही ठेवलेले नाही. हे रागाने नव्हे. वकीलसाहेब म्हणाले की ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि मला साक्षीला दिनानाथच हवा आहे. त्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

१९८३ साली मावसभावाने जॅझची एक रेकॉर्ड पंधरा दिवसांपुरती दिली. त्या दोन्ही रविवारी दिनानाथची शिफ्ट होती, म्हणून मी त्याच्यासाठी कॅसेट भरली. तार जोडायची सोय नव्हती. प्लेअरसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, दार लावले आणि न खोकता बसून राहिलो. महिन्याभराने दिनानाथ कॅसेट घेऊन धावतच आला. “मास्तर, मागे दुसरा एक ढोल आहे, ऐकलात? सात मात्रांचा. सहा भारी, सातवी हलकी. बाकीचे वाट्टेल तिकडे जातात, हा एकटा जागचा हलत नाही. याच्यावर सगळं उभं आहे!” आम्ही लावून ऐकले. शिवाने डोळे मिटले. “व्हय, हाय. हा नसता तर सगल्यांची दाणादाण झाली असती.”

मी पहिल्याच मिनिटाला ओळखले. तो ढोल नव्हता. परसदारी माझी पत्नी आनंदीबाई उखळात पापडाचे पीठ कुटत होती. सहा घाव घालायचे आणि सातव्याला हाताने गोळा उलटायचा, ही तिची रीत. बैठकीच्या वेळी कुटायचे नाही असा माझा नियम होता. पण कॅसेट भरली तो बुधवार होता, म्हणून तिला वाटले चालेल.

मी गंमत म्हणून गप्प राहिलो. दिनानाथने त्या ठेक्यावर आठ पानांचे टिपण लिहिले, बैठकीत वाचून दाखवले. आत चहा करताना आनंदी पदर तोंडाशी धरून हसायची. “सांगा हो त्यांना. बिचारे किती माना डोलावतात. नाहीतर मीच सांगेन.”

“तू गप्प बस. पहिल्यांदाच कोणीतरी तुझं कौतुक करतंय,” मी म्हणालो.

ती हसायची थांबली. हे वाक्य मला अजून टोचते, कारण ते खरे होते.

१९९१ साली आनंदी गेली. १९९४च्या नोव्हेंबरात शिवाचा पुतण्या हितेश, जो डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला आहे, त्याने मुंबईहून तीच रेकॉर्ड सीडीवर आणली. भर बैठकीत लावली. ढोल नाही. सगळे हसले. अकरा वर्षे ज्याने तो ढोल येईल त्याला समजावून सांगितला, त्याच्या तोंडावर हसले. कोणीतरी म्हणाले, यानेच घरी टेबल बडवून भरला असेल. दिनानाथ माझ्याकडे वळला. “मास्तर, तुम्ही तरी सांगा. कॅसेट तुम्ही भरलीत.”

मी म्हणालो, “मी भरली तेव्हा त्यात तसलं काही नव्हतं.”

आनंदीचे नाव घेतले असते तर मी चारचौघांत हमसाहमशी रडलो असतो. ते टाळण्यासाठी मी मित्राला खोटा पाडला. त्याने कॅसेट खिशात टाकली, चपला घातल्या आणि गेला. दोन वर्षे झाली. दर रविवारी रोह्याची गाडी पेणला थांबते आणि तो उतरत नाही.

दिनानाथ, तू ऐकलेस ते कॅसेटमध्ये होते. मात्राही तू बरोबर मोजल्या होत्यास. मी खोटे बोललो. हे नुसते तुझ्या कानात सांगून भागणार नाही, म्हणून सर्वांनी वाचावे अशा कागदावर लिहितो.

आनंदीचे चार फोटो माझ्यापाशी आहेत, आवाज कुठेच नाही. तिचे म्हणून कानाने ऐकावे असे काही उरले असेल तर ते त्या एका कॅसेटमध्ये, आणि कॅसेट रोह्याला. मरण्यापूर्वी ती एकदा ऐकावी अशी मला फार इच्छा आहे. मागायचा हक्क मी गमावला आहे, म्हणून मागत नाही. गुरुवारी शिवाबरोबर एवढाच निरोप धाडला, की रविवारी साक्षीला ये आणि सही करण्याआधी कलम सहा वाच. शिवा परत येऊन म्हणाला, “नाय म्हणाला नाय, व्हय पण म्हणाला नाय. ऐकून घेतलान नि दार लावलान.”

साक्षीदार क्रमांक दोनची जागा त्याच्यासाठी कोरी ठेवली आहे. गाडी येऊन तास उलटला तरी तो आला नाही, तर केरू नाईक यांना कुंपणावरून हाक मारावी. मग कापसाचे बोळे रद्द समजावेत.

कलम ७. उखळ व मुसळ शिवाची पत्नी पुतळी हिला. तिला पापड आनंदीनेच शिकवले, आणि बैठक आता तिच्याच अंगणात भरणार. बैठकीच्या वेळी कुटायचे नाही, हा माझा नियम आनंदीने सतरा वर्षे पाळला. तो मी या कलमाने रद्द करतो.

ही सात कलमे मी लिहिली, पुन्हा वाचली, खाडाखोड केलेली नाही. त्याखाली साक्षीदारांसमक्ष सही करतो.

पेण, रविवार, दिनांक १ डिसेंबर १९९६

(सही) मोरोपंत विनायक वैशंपायन

साक्षीदार १: मास्तरांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) हितेश म्हात्रे, हमरापूर

साक्षीदार २: मोरोपंत वैशंपायन यांनी माझ्यासमोर सही केली. त्याआधी मी कलम सहा वाचले, दोनदा. सोबत आणलेली कॅसेट ओसरीत पूर्ण वाजवली. तिची प्रत काढून त्यांना दिली आहे. मूळ कॅसेट मी देणार नाही. तार आजही नव्हती. केरू नाईकांनी कुंपणावरून दिलेला टेपरेकॉर्डर समोर ठेवूनच प्रत काढावी लागली, त्यामुळे तिच्यात वहिनींच्या कुटण्याबरोबर मास्तरांचे रडणेही आले आहे. ते ठेक्यात नाही. मी ते पुसलेले नाही.
(सही) दिनानाथ भास्कर टिपणीस, रोहा