रिकाम्या जागेवरची रेघ

अण्णा,

आज एकादशी. शिजवायचं फारसं नाही, म्हणून दुपार मोकळी मिळाली. जुन्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, नवा कागद घ्यायला जीव होत नाही. उद्या अकरा वाजता इंदूरचे शेठ आमचा केळीच्या वेफर्सचा धंदा विकत घ्यायला येणार आहेत, नावासकट. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे छापलंय, ‘एकमेव मालक’. त्याच्याखाली सही करायची आहे, आणि सकाळपासून जपाचे मणी तीनदा चुकले.

तुम्ही कचेरीबाहेर डेस्क मांडून लोकांचे अर्ज, करारनामे लिहायचात. दहावीच्या सुट्टीत मी शेजारी बसून नकला करायची. एकदा दोन दोस्त आले, मावा जिलेबीचं दुकान काढायचं म्हणून, हातात पेढ्यांचा पुडा. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि पहिलाच सवाल केलात, “वेगळे व्हाल तेव्हा दुकानाचं नाव कोणाकडे राहील?” एकजण उखडलाच. “मुंशीजी, दुकान खुली नहीं और आप ताला लगवा रहे हो!” तुम्ही म्हणालात, “आत्ता हसताय ना, म्हणून विचारतो. भांडायला लागल्यावर माझ्याकडे कशाला याल, वकिलाकडे जाल.” शेवटचं कलम तुम्ही आधी लिहिलंत. त्याची नक्कल करताना मी खाली चार बोटं जागा कोरी सोडली, तर केवढे ओरडलात! “कोरी जागा दिसली की कोणीही काहीही घुसडतं. रेघ मार.” पट्टी न घेता सरळ रेघ मारायला मी त्या दिवशी शिकले.

वेफर्स मी आणि थोरल्या जाऊबाईंनी मिळून सुरू केले. निंबोला गावची कच्ची केळी, माझं स्वयंपाकघर, त्यांची कढई. जाऊबाई किसणी थेट तापल्या तेलावर धरतात. मला अजून जमत नाही, हात मागे येतो. चव त्यांच्या हाताची, कागद आणि हिशेब माझ्याकडे. “तू मॅट्रिक झालेली, तू बघ. मला सगळं काळं काळंच दिसतं,” म्हणायच्या. परवाना आला तेव्हा मी तो देवापुढे ठेवला आणि त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांना वाचता येत नाही.

आता दोघींच्यानंही भट्टीपुढे उभं राहवत नाही, म्हणून विकायचं ठरलं. परवा वकिलाकडे गेले. त्यांनी विचारलं, “और कोई हिस्सेदार? तोंडी ठरलं असेल तरी ती भागीदारीच. लपवून विकाल तर उद्या गळ्याशी येईल.” मी म्हटलं, “घरचीच माणसं आहेत.” ते हसले. “बाई, माझ्याकडे भांडत येतात ते सगळे घरचेच असतात.”

मघाशी जाऊबाईंना फोन केला. “उद्या दहाला या, शेठ यायच्या आधी.”

“का गं, कढई घासून आणू?”

“नको. एक कागद वाचून दाखवायचाय.”

“मला काय दाखवतेस? तू असताना मी कशाला बघू?”

फोन ठेवला. परवाना वाचून दाखवीन, शेठना दुसरं नाव घालायला सांगीन, त्याशिवाय सही करणार नाही. एवढं देवापुढे बोलून झालंय. पण त्या विचारतीलच, माझं नाव राहिलं कसं? ऑनलाइनवाल्याची चूक झाली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

हे पत्र पोथीत ठेवीन, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे पाठवणार? तुम्हाला तेवढं खरं सांगते. घरात सगळं थोरल्या सुनेच्या नावानं ओळखलं जायचं. वाटलं, हे एक माझं असू दे. ऑनलाइनवाल्याला हाताने भरून दिलेल्या फॉर्मवर दुसऱ्या मालकाच्या नावाची जागा होती, अण्णा. तिथे रेघ मीच मारली. पट्टी न घेता, सरळ.