भिंतीखालच्या दोन ओळी

२८ ऑगस्ट

पुन्हा तेच! बोन शहरातून वाइनचा व्यापारी आला. माझ्या तळघरात अर्धा ग्लास घेतला, "प्रामाणिक वाइन आहे, मादाम" म्हणाला, आणि मग धाकट्या भावाकडे — बर्त्राँकडे — दोन तास ठाण मांडून बसला. प्रामाणिक म्हणे! पोरगी दिसायला बेताची असली की 'स्वभावाने चांगली' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

द्राक्षबाग एकच, बाबांची. वेलही सगळे एकाच, पिनो जातीच्या द्राक्षाचे. वाटणीच्या दिवशी टोपीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. थोरली म्हणून मी आधी हात घातला आणि खालची बाजू निघाली. जड, चिकट, ओली माती. वरच्या सगळ्या आडव्या ओळी, पार माथ्यावरच्या दगडी भिंतीपर्यंत, त्याच्या. तिथे चुनखडी उघडी पडलेली, पाणी टिकत नाही, सकाळपासून ऊन. मध्ये कुंपण नाही. खांबांची डोकी तेवढी रंगवलेली — माझी निळी, त्याची पांढरी. एकोणीस वर्षं झाली, मी वर मान करून बघत नाही. बघितलं की पोटात दुखतं.

४ सप्टेंबर

बर्त्राँकडे जेवण. भावजयीने मोहरीतला ससा केला होता. त्याने सात वर्षांपूर्वीची बाटली उघडली. खोड काढायचीच असं ठरवून पहिला घोट घेतला. आधी चेरी. मग अळंबी शोधायला रानात गेल्यावर ओल्या पाचोळ्याचा येतो ना, तो वास. गिळून झाली तरी ती तोंडातून जाईना. पावाचा तुकडा हातात तसाच राहिला.

"जरा पातळच आहे," मी म्हटलं.

"मग तिसरा ग्लास कशाला पुढे केलास, ताई?"

मेल्याला सगळं दिसतं. मला इतका राग आला की घरी येऊन माझीच एक बाटली उघडली आणि मोरीत ओतली.

१५ सप्टेंबर

उद्या माझी तोडणी, त्याची परवा. उद्याच मला पन्नास पूर्ण होतात. तोडणीच्या धांदलीत जन्मलेल्या माणसाचा वाढदिवस कोणाला आठवणार!

१६ सप्टेंबर

दार लावून लिहितेय.

दुपारी मार्सेलिन नऊ क्रेट जास्तीचे घेऊन आली. गेली बारा वर्षं माझ्याकडे तोडणीला येते ती. मी एक घड उचलला मात्र — लहानसा, गच्च, जाड सालीचा. माझ्या ओळीत असा घड कधी आलेला नाही. "हे कुठून आणलंस?"

"वरच्या भिंतीखालच्या दोन ओळी."

"अगं, त्या बर्त्राँच्या! डोळे फुटले का तुझे?"

"माझे डोळे शाबूत आहेत. निळे खांब बघूनच कापलंय. खोटं वाटत असेल तर चढा वर आणि बघा!"

खोटारडी. इथला रिवाज लहान पोराला विचारा: दुसऱ्याची ओळ चुकून तोडली तर संध्याकाळच्या आत क्रेट त्याच्या दारात पोचवायचे, सोबत एक बाटली, आणि सगळ्यांनी हसायचं. वर जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. मी गेले नाही. नऊही क्रेट वेगळ्या टाकीत रिकामे केले.

चोरी केली आज. लिहून ठेवते, निदान इथे तरी खरं असू दे.

१७ सप्टेंबर

बर्त्राँची तोडणी झाली. दोन ओळी रिकाम्या दिसल्या असणारच. तरी क्रेट मागायला आला नाही.

२५ सप्टेंबर

तोडणीचं जेवण. सगळा गाव टेबलाला. बर्त्राँ मुद्दाम शेजारी येऊन बसला. "काही सांगायचंय का, ताई?"

चोराच्या मनात चांदणं! "छे, मला काय सांगायचंय?"

"बरं," म्हणाला आणि पाव मोडत बसला. एरवी सगळ्यात आधी गाणारा माणूस, काल गायलाही नाही — म्हणजे आज. तारखाही चुकायला लागल्यात.

३० नोव्हेंबर

त्या दोन ओळींचं एकच पिंप भरलं. मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या पिंपांच्या आड ठेवलंय. रोज एक थेंब चाखते. देवा, काय वाइन आहे ही! म्हणजे माझा हात वाईट नव्हता, मातीच वाईट होती. एकोणीस वर्षं मी हेच म्हणत आले!

२२ जानेवारी

संत व्हॅन्साँचा, आम्हा द्राक्षबागवाल्यांच्या संताचा दिवस. मिरवणूक संपल्यावर सगळे एकमेकांच्या तळघरांत. बर्त्राँ सरळ मागच्या कोपऱ्यात गेला, काचेची नळी त्या पिंपात घातली. तोंडात घोळवलं. थुंकला नाही, गिळलं.

"कोवळी आहे अजून. पण ताई, मला इतकी चांगली कधी जमली नाही. बाबा असते तर रडले असते." मग ग्लास उजेडाला धरून, "कुठल्या ओळींची?"

"खालच्याच."

"नक्की खालच्या?"

"किती वेळा सांगू? खालच्या!"

ग्लास पिंपावर ठेवला आणि निघून गेला. भावजयीला हाकसुद्धा मारली नाही.

जिंकले मी! त्याच्याच द्राक्षांनी त्याच्यावर मात! आनंदाने झोप यायला हवी. येत नाही.

११ फेब्रुवारी

बर्त्राँची छाटणी संपली. भिंतीखालच्या दोन ओळी तेवढ्या तशाच राहिल्यात म्हणे. विसरला वाटतं, म्हणून मजा बघायला वर चढले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

खांब निळे आहेत. दोन्ही ओळींचे, सगळेच्या सगळे. शेवटच्या खांबावर मुरंब्याची बरणी उपडी बांधलेली, आत कागद:

'१४ सप्टेंबर. पन्नाशीच्या शुभेच्छा, ताई. या दोन आजपासून तुझ्या. चिठ्ठ्या बाबांनी टाकल्या होत्या, मी नाही. तोडलीस की मला सांग. — बर्त्राँ'

त्याने तीनदा विचारलं. तीनदा!