खोरोग, विमानाने तासभर

९ नोव्हेंबर, दुशान्बे

आजही विमान नाही! तिकीट-खिडकीतली बाई रोजचंच म्हणाली, "डोंगरावर ढग आहेत हो. उद्या बघू." उद्या बघू, उद्या बघू — तिला काय जातंय? तिची आई थोडीच खोरोगला अंथरुणाला खिळलीय!

इथून खोरोग विमानाने तासभर. रस्त्याने सोळा तास, तेही दरड कोसळली नाही तर. त्या तासाभराच्या आशेवर पाच दिवस विमानतळाच्या बाकावर बसून आहे मी.

१० नोव्हेंबर

ढग.

११ नोव्हेंबर

आज डोकंच फिरलं. बाहेर जीपवाला ओरडत होता, "खोरोग, एक सीट!" बॅग उचलली आणि धाकट्याला, इमोमयोरला फोन लावला. आईने त्याच्या हातून फोन ओढून घेतला. आवाज केवढासा झालाय तिचा! पण हुकूम तोच.

"त्या रस्त्याने यायचं नाही. तुझे बाबा त्याच रस्त्याने येत होते."

"अगं, पण मला तुला बघायचंय."

"मग विमानाने ये. मी काय पळून चाललेय?"

बाबा दरडीखाली गेले तेव्हापासून तिने स्वतः त्या रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले दुशान्बेला न्या, तर म्हणाली, इथेच मरेन.

जीप गेली. मी बॅगेवर बसून सगळ्यांदेखत रडले.

१२ नोव्हेंबर

ऊन! विमानात बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे, पंख घासतील की काय इतके जवळ. खाली पंज नदी आणि तिच्या कडेने तो मेला रस्ता. एका वळणावर एक लाल जीप दुशान्बेकडे निघालेली दिसली, काडेपेटीएवढी. मला चक्क हसू आलं. बसा म्हटलं धूळ खात! मी आत्ता पोचतेय. आई, आले गं!

त्याच दिवशी दुपारी, घरी

दाराला बाहेरून कडी. शेजारची शकरमो मावशी धावत आली.

"अगं सवसन, तू इथे कशी? ते तर पहाटेच निघाले!"

"कुठे?"

"तुझ्याकडे! पहाटे इथे ढग होते. तुझी आई म्हणाली, विमान काही उडायचं नाही, मीच जाते पोरीकडे. इमोमयोरने हात जोडले. ऐकते होय ती! तुला कळवू नको म्हणाली, ओरडशील. शेवटी त्याने कुणाची तरी लाल जीप आणली."

लाल जीप.

वाटेत दरीत फोन लागत नाही. किती वेळा लावला. आईला आवडतो तसा मीठ-लोण्याचा दुधाचा चहा करून ठेवलाय. कुणासाठी, कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी जीप परत आली. इमोमयोर एकटाच खाली उतरला. म्हणाला, "ताई, विमानाची घरघर ऐकली आणि आईने काच खाली करायला लावली. म्हणाली, बघ, पोर चालली घरी. फिरव गाडी, रिकाम्या घरात एकटी बसेल ती." मग म्हणाला, "घर यायच्या आधीच गं... मागच्या सीटवर."

विमान दिसेनासं होईपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती म्हणे.

आणि मी वर हसत होते.