जिपारसाठी छापील पुस्तक

प्रिय जिपार,

हे पत्र प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात, गर्भाशयाच्या चित्रांपाशी ठेवते आहे. चाळून पाहिल्याशिवाय तुझी सासू पुस्तक तुझ्या हाती देणार नाही. पण ही चित्रं दिसली की "तोबा, तोबा" म्हणत मिटून टाकील. थोरल्या जावेचे दिवस भरत आलेत, असं पुस्तक घरात असलेलं बरं, असं माझा मामा त्यांना सांगेल. त्याची टॅक्सी तुमच्या गावावरूनच नारिन शहराला जाते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी विचारलं होतं, पुस्तकं छापील हवीत की फोनमध्ये? तू चटकन फोन पुढे केलास, मी दोन पिशव्या भरून घेतल्या. वसतिगृहाच्या जिन्यात मला धापा टाकताना पाहून म्हणालीस, "बुरुल, लग्नाआधीच ओझं वाहायचा सराव चाललाय वाटतं!" खरं सांगू, मला तुझा हेवा वाटायचा. मिनीबसमध्ये उभ्याउभ्या तू धडा संपवायचीस, हवा तो शब्द क्षणात शोधायचीस, आणि मी आपली पानं उलटत बसायचे. वर्गात पहिली तू, मी कशीबशी पास.

मग बाजारातून येताना त्या लोकांनी तुला लग्नासाठी गाडीत कोंबून पळवून नेलं. त्या घरच्या म्हाताऱ्यांनी तुझ्या डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधला, पण त्याआधी फोन काढून घेतला. तू कुणाला बोलावशील एवढीच त्यांना भीती होती. त्या फोनमध्येच तुझी सगळी पुस्तकं आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुझ्या आईबरोबर मी आले, तेव्हा तू नवरीच्या पडद्याआड बसली होतीस. आई बाहेरूनच म्हणाली, "आता परत फिरलीस तर मी गावात तोंड कुठे दाखवू?" मला तिचा संताप आला, अजून येतो. तू रडली नाहीस. रक्तस्रावाचा धडा परीक्षेला आहे का, एवढंच मला विचारलंस.

तुझ्या खाटेवर आता दुसरी मुलगी आली आहे. तीही फोनवरच वाचते. मला ते बघवत नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला. तू दोन जिवांची आहेस म्हणे; परीक्षेचं खूळ डोक्यातून काढ, असं मी तुला समजवावं. निरोप पोचवला, समजवणं मला जमणार नाही. शेवटची परीक्षा सोमवारी आहे. शनिवारी परतताना मामा तुमच्या दाराशी पाणी मागायला थांबेल. त्याला सगळं ठाऊक आहे, पुढची सीट रिकामी असेल. अंगावरच्या कपड्यांनिशी येऊन बस. परीक्षेनंतर कुठे राहायचं ते मला ठाऊक नाही, खोटं कशाला सांगू? आणि येणं जमलंच नाही, तर पुस्तक परत पाठवू नकोस. बर्फ पडलं की तुमच्या गावात डॉक्टर पोचत नाही. निदान स्वतःच्या बाळंतपणापुरतं तरी वाचून ठेव.

वाट पाहणारी, तुझीच,
बुरुल