दारूविना दारूचा रोग

मार्गिलान

थोरले बंधू एर्गाशअका यांस धाकट्या हायितबायचा आदराचा सलाम. ताश्कंदला तुमची, वहिनींची आणि त्यांच्या गुडघ्यांची तब्येत कशी आहे? इकडे सगळे बरे आहेत. मीही बराच आहे. फक्त माझ्या रोगाचं नाव वाईट होतं.

झालं असं, की एका समारंभात पुलावाची कढई उतरवताना मला घेरी आली. (कढई वाचली, काळजी नसावी.) दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी झाली आणि कागदावर लिहून आलं, ‘मद्यविरहित चरबीयुक्त यकृतविकार’. आता मी जन्मात थेंबाला शिवलेलो नाही. पण आमच्या हिनं, ओयदिननं, तो कागद शेजारणीला वाचून दाखवला. शेजारणीनं त्यातलं ‘मद्य’ तेवढं उचललं आणि ‘विरहित’ आमच्याच उंबऱ्यावर टाकून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की हायितबाय चहाच्या किटलीतून दारू पितो. तशात आमच्या पोरीचं, झुल्हुमोरचं, लग्न ठरलेलं, आणि होणारे व्याही निशानहाजी म्हणजे मशिदीतल्या पहिल्या रांगेतले. ते आले, बसले, पण रोटी मोडेनात. म्हणाले, “दारू न पिता दारूचा रोग? म्हणजे पाण्यात न उतरता बुडालात म्हणा की!” त्याचं मला एवढं लागलं नाही. पण आतून पोरीचा आवाज आला, “आई, बाबा खरंच पितात का गं?” तेव्हा मात्र जिवाचं पाणी झालं.

मी हाजींना दंडाला धरून तडक डॉक्टरीण सैयोराबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “ते नाव जुनं. रोग कशानं नाही एवढंच सांगायचं. आता जगभरच्या डॉक्टरांनी बदललंय.” नवं नाव, चयापचयाशी निगडित यकृतविकार. (चयापचय म्हणजे खाल्लेल्याचं शरीर पुढे काय करतं ते. माझं साठवून ठेवतं.) दारूचं कारण नसताना यकृतात चरबी, आणि जोडीला सुटलेलं पोट, साखर, रक्तदाब किंवा रक्तातली बिघडलेली चरबी, यांतलं एक जरी असलं तरी हे नाव लागतं. माझ्याकडे सगळंच निघालं. “एकसुद्धा पुरतं?” असं विचारत हाजींनी हौसेनं आपलंही पोट मोजून घेतलं, मग सोनोग्राफीच्या टेबलावरही आडवे झाले. उठले ते हातात माझ्यासारखाच कागद घेऊन. बाहेर पडताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, “व्याही, ते जुनं नाव कुठं बोलू नका हं.” शुक्रवारच्या नमाजानंतर चहाखान्यात नव्या नावाची फोड त्यांनीच सगळ्यांना करून सांगितली. (माझ्यापेक्षा छान सांगतात.) लग्न ठरल्याप्रमाणे, कापूस वेचून झाल्यावर.

वहिनींना सलाम, पोरांना पापे.

तुमचा,
हायितबाय

ता. क. लग्नाचा पुलाव तुम्ही रांधावा अशी विनंती. मेंढीच्या शेपटीची चरबी तळताना मी ती चाखल्याशिवाय राहू शकत नाही, हे ओयदिनला ठाऊक आहे.

आणखी ता. क. पुलावाचं निमित्तच होतं. सैयोराबाई म्हणाल्या, या चरबीच्या जोडीला रोजची दारूही असली तर त्या रोगाला निराळं नाव आहे, आणि ते लवकर कळलेलं बरं. मी तुमचं नाव घेतलं नाही. पुलाव मीच रांधीन. तुम्ही फक्त आठवडाभर आधी या. सख्ख्या भावाला आपल्याकडे जिगर म्हणतात, म्हणजे यकृतच. तेव्हा माझी तपासणी अजून अर्धीच झाली आहे.